पाय राखण्याचा रकाना

पुण्याहून एक पाहुणे आले होते. आमची तंजावरी मराठी टिपून घ्यायला. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी माझ्या आईकडून दोन तास शब्द काढून घेतले. आम्ही 'सगळं' म्हणत नाही, 'अस्कं' म्हणतो, हे ऐकून त्यांना भरून आलं. जाताना मला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, मराठी लिहिता. या गोड, जुन्या भाषेविषयी काहीतरी लिहा."

बसले लिहायला. भाषेविषयी काही सुचेना. ही गोड जुनी भाषा बोलणारं कुंभकोणातलं एकच माणूस डोळ्यांपुढं येत राहिलं, आणि त्या माणसाचं बोलणं गोड अजिबात नव्हतं. यमुनाक्का. गेल्या आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, त्या इन्नंबूरला चुलत बहिणीच्या घरी वारल्या. साखरेनं, म्हणजे मधुमेहानं, गेल्या असं लोक म्हणतात. मी तसं म्हणत नाही.

अक्कांचं टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट होतं. तळ्याच्या मागच्या गल्लीत, पोटमाळ्यावर, सहा यंत्रं. चार तमिळ, दोन इंग्रजी. तुम्हाला वाटेल या काळात टाइपरायटर कोण शिकतं. आमच्याकडे शिकतात. सरकारी परीक्षा असते, सर्टिफिकेट असलं की कारकुनाच्या नोकरीला उपयोग होतो. माझे वडील शिंपी. शाळेचे गणवेश शिवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी अभिमानानं सांगते, कुणाला खटकलं तर खटको. पण बी. कॉम.च्या कागदानं मला नोकरी दिली नाही. अक्कांच्या पोटमाळ्यानं दिली.

पहिल्या दिवशी वडील मला घेऊन गेले तेव्हा अक्का खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मागं चार मुली टकटक करत होत्या. न वळता त्या म्हणाल्या, "तिसरी, डाव्या करंगळीनं आळस केलास." तिसऱ्या मुलीनं जीभ चावली. वडील थक्क झाले. मग अक्का वळल्या, वडिलांकडे बघून मराठीत म्हणाल्या, "शिंप्याची पोर की? बेस. सुई धरणाऱ्याच्या घरची बोटं कामाची असतात. फी नसली तर यंत्राची रिबन आणून दे."

उंच, हाडकुळ्या, नाकात जुनी मोठी चमकी. लग्न केलेलं नव्हतं. दोन सुती साड्या आळीपाळीनं. सगळे त्यांना अक्का म्हणत, कारण त्यांचा धाकटा भाऊ बाबूराव अक्का म्हणायचा आणि तोच शब्द अख्ख्या गल्लीला चिकटला. हे बाबूमामा बाजारात विड्याची पानं विकायचे. बायको लवकर गेली, मूल नाही. बहीणभाऊ दोघंच, त्याच पोटमाळ्याखालच्या दोन खोल्यांत.

चुकीचा कागद फाडू द्यायच्या नाहीत. कुणी फाडायला गेलं तर मनगट धरायच्या. "फाडून काय होतं? चूक कागदावर नसते, बोटात असते. बघत बस तिच्याकडे." पाच मिनिटं चुकीकडे बघत बसायचं, ही शिक्षा. मला देवनागरी त्यांनीच शिकवली, गोविंदपुरमच्या मंदिरातल्या भजनाच्या वहीवरून. घरात मराठी बोलायचो, वाचता कुणालाच येत नव्हती. पुढं मी मासिकं मागवून वाचत गेले. पण पहिलं अक्षर त्यांचं.

आता त्यांची खरी गोष्ट. सोमवारी तंजावरला कलेक्टरच्या कचेरीत गाऱ्हाण्यांचा दिवस असतो. कुणीही मनू, म्हणजे अर्ज, घेऊन जावं. रविवारी दुपारपासून अक्कांच्या जिन्यावर माणसं बसलेली असायची. पेन्शन थांबलेली म्हातारी, जमिनीचा पट्टा न मिळालेला कुळवाडी, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे आजारी माणसं. विम्याचं कार्ड नाही, उत्पन्नाचा दाखला मिळत नाही, औषध संपलंय. अक्का त्यांचं ऐकायच्या, आणि वरच्या परीक्षेच्या मुलींना सांगायच्या, "आजचा वेगाचा धडा हा." पुस्तकातले उतारे आम्ही क्वचितच टाइप केले. कुणाचं मूत्रपिंड, कुणाचा दमा, कुणाच्या मुलीचं झटके येणं, असल्या मजकुरावर माझी बोटं तयार झाली. चूक केली की अक्का म्हणायच्या, "इथं चुकलीस तर त्याची एक फेरी वाया. त्याचा रोजगार तू देशील?"

आणि एक नियम होता. अर्जात 'नम्रपणे' हा शब्द येऊ द्यायचा नाही. आमच्याकडच्या अर्जांचा शेवट ठरलेला असतो, नम्रपणे विनंती करतो, पाया पडून प्रार्थना करतो. अक्का तिथं काट मारायच्या. लिहायचं ते असं, 'मला हे मिळायला हवं. द्यावं.'

इन्नंबूरचा एक शेतमजूर होता, गोविंदसामी. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुवायला तंजावरला जायचा. यंत्र फुकट होतं. पण बस फुकट नव्हती, रक्त वाढायचं इंजेक्शन फुकट नव्हतं, आणि बरोबर येणाऱ्या बायकोचा बुडालेला दिवस कुणी भरून देत नव्हतं. त्याचा अर्ज मीच टाइप करत होते. त्यानं तो वाचून पाहिला आणि अस्वस्थ झाला.

"अम्मा, नम्रपणे राहिलं."

"राहिलं नाही. काढलंय," अक्का म्हणाल्या.

"साहेब रागावतील हो. घाला ना. शब्दाला काय पैसे पडतात?"

"मूत्रपिंडं कुणाची गेली?"

"माझी."

"मग नम्र त्यांनी व्हावं."

जिन्यावरची माणसं हसली. गोविंदसामीही हसला. पण मी पाहिलं, खाली उतरल्यावर त्यानं रस्त्यावरच्या पोराकडून पेन मागून घेतलं आणि कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते सांगायला नको. मी अक्कांना सांगितलं नाही.

अक्कांचा हा ताठपणा मला आवडायचा आणि त्याचा रागही यायचा. आमच्या राज्यात रेशनकार्डाचे प्रकार असतात. तांदूळ मिळणारं कार्ड, फक्त साखर मिळणारं कार्ड, आणि एक असं की ज्यावर काहीच मिळत नाही. नुसता पत्त्याचा पुरावा. नवी कार्डं करताना अर्जात विचारत, तुम्हाला कुठलं हवं. अक्कांनी काहीच न मिळणारं कार्ड मागून घेतलं होतं. त्यांचे पणजोबा तंजावरच्या राजाच्या पागेवर होते. घोडे गेले, पागा गेली, राज्य तर त्याआधीच गेलेलं, पण पागेदाराच्या घरात सरकारी तांदूळ शिजत नाही हे राहिलं. ते कार्ड त्यांनी एकदा वर्गात सगळ्यांना दाखवलं होतं. "आम्ही देणाऱ्यांतले. घेणाऱ्यांतले नव्हे."

मी त्या दिवशी डब्यात त्याच तांदळाचा दहीभात नेला होता. मी डबा उघडला नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "त्यांना परवडतं ते. मानानं पोट भरत नाही, म्हणून तर त्या वाळक्या आहेत." आईचं बोलणं असं असतं.

पागेदाराच्या घरात पैसा नव्हता हे जिन्यावरच्या कुणालाही दिसत होतं. पण कागदावर ते घर श्रीमंत होतं, आणि तो कागद अक्कांनी स्वतःच्या हातानं टाइप केला होता.

बहीणभाऊ दोघांनाही साखर. त्यांच्या आईलाही होती. सरकारी इस्पितळात गोळ्या फुकट मिळतात, हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण गोळ्या घ्यायला रोग्यानं स्वतः यावं लागतं, रांग सकाळी सुरू होते आणि दुपारी संपते, आणि कधी एक गोळी असते तर दुसरी संपलेली असते. पानवाल्यानं सकाळचा बाजार सोडायचा आणि मास्तरणीनं सकाळचा वर्ग सोडायचा, तेही महिन्यातून किती वेळा. लोक गोळ्या अर्ध्या करतात. एक दिवस आड घेतात. हे काही अडाणीपणानं करत नाहीत. हिशेब करून करतात.

बाबूमामांच्या पायाचं झालं ते असं. मामा भाविक. दर चतुर्थीला तिरुवलंचुळीला पांढऱ्या विनायकाच्या दर्शनाला जायचे. चैत्र-वैशाखातलं ऊन, दुपारची वेळ, प्राकारातली, म्हणजे देवळाच्या आवारातली, दगडी फरशी तव्यासारखी तापलेली. माणसं उड्या मारत, सावलीची पट्टी धरून प्रदक्षिणा घालतात. मामा मधोमध, शांत, पाऊल मोजून टाकत चालायचे. परत येऊन आम्हाला सांगायचे, "अस्के नाचतात. मला म्हणून चटका लागत नाही. देवाची कृपा."

लोकांनाही ते खरं वाटायचं. एका बाईनं त्यांच्या पाया पडून घेतलं होतं म्हणे.

कृपा कसली. साखरेनं पायांची संवेदना गेली होती, चटका कळतच नव्हता. आमच्यासारख्या देवळांच्या गावात, जिथं माणूस दिवसातून चार वेळा चपला काढतो, तिथं साखरेच्या प्रत्येक रोग्याला ही एक गोष्ट सांगायला काय लागतं? एक वाक्य. 'पायाला चटका लागेनासा झाला तर धावत या.' देवळाच्या दारावर रंगवता आलं असतं. दारावर सरकारी विमा योजनेचा फलक होता, हसऱ्या कुटुंबाच्या चित्राचा.

तळव्याला फोड आला. मामांना चार दिवस पत्ता नाही. अक्कांना सतरंजीवर डाग दिसला तेव्हा कळलं.

सरकारी इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, चांगला होता. इतक्या माणसांत त्यानं पाय हातात घेऊन बघितला. म्हणाला, रोज मलमपट्टी, इन्सुलिन, आणि पायाची रक्तवाहिनी तुंबलेली वाटते, ती तपासून उघडून घ्या. "लवकर केलंत तर पाय राहील. इथं ते यंत्र नाही. तंजावरला रांग मोठी आहे. विम्याचं कार्ड असेल तर खासगीत होईल."

कार्ड नव्हतं. तिथून अक्कांचा एकच प्रश्न उरला, मामांचा पाय राहतो की जातो. आणि मी तोवर तसल्याच एका खासगी हॉस्पिटलात, ज्याचं नाव मी लिहीत नाही, विमा योजनेच्या टेबलावर बसत होते. माझं काम म्हणजे रोग्यांची माहिती संगणकावर भरायची, वर योजनेच्या कचेरीत पाठवायची, मंजुरी आली की सांगायची. अक्का माझ्यासमोर बसल्या. विद्यार्थिनीसमोर बसल्यासारखं नाही, अर्जदारासारखं, पिशवी मांडीवर घेऊन. मला ते बघवलं नाही.

"काय काय लागतं, सांग पोरी."

मी सांगितलं. उत्पन्नाचा दाखला. तो गावच्या प्रशासकीय अधिकाऱ्याकडून येतो, वर तहसीलची सही.

अधिकारी पाहणीला आला. त्यानं रेशनकार्ड बघितलं, मग मान वर करून पोटमाळा बघितला. अक्कांनी नंतर मला सगळं त्याच्या आवाजात करून दाखवलं. त्या नकला छान करायच्या.

"सहा यंत्रं आहेत. इन्स्टिट्यूट आहे."

"शिकणाऱ्या सात पोरी आहेत. तिघी रिबन देतात."

"आणि कार्ड तर हे. तांदूळ नको म्हणून तुम्हीच लिहून दिलंय. ज्यांना तांदूळ नको त्यांना मी गरीब कसं म्हणू अम्मा? तुम्हीच सांगा."

"तेव्हा पाय शाबूत होता," अक्का म्हणाल्या.

तो हसला आणि पुढच्या घरी गेला. माणूस वाईट नव्हता म्हणे, चहा प्यायला. मला असल्या 'माणूस वाईट नव्हता'चा कंटाळा आला आहे. माझ्या टेबलाच्या अलीकडे-पलीकडे एकही वाईट माणूस नाही, आणि पाय जातात.

अक्कांनी कलेक्टरला अर्ज केला. त्यांच्या पद्धतीचा, ताठ. सोमवारी पहाटेच्या बसनं तंजावर. पोच मिळाली, शिक्का मिळाला. अर्ज कलेक्टरकडून खाली आला, खालून आणखी खाली आला, आणि चौकशीसाठी कुणाकडे आला? त्याच अधिकाऱ्याकडे. त्यानं तेच लिहिलं. दुसरा सोमवार, तेच. इतकी वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज लिहिले, काही कामं झालीही. पण स्वतःचा अर्ज हातात घेऊन त्या रांगेत त्या पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या.

तिसऱ्या रविवारी मी पोटमाळ्यावर गेले. मामा खालच्या खोलीत पडून होते. खोलीत वास होता. मी धीर करून म्हणाले, "अक्का, या वेळी घाला तो शब्द."

कुठला, असं त्यांनी विचारलं नाही. यंत्राला कागद लावला होता. त्या यंत्रापुढं बसल्या. मग टाइप केला. नम्रपणे. एकदा नाही, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. कागद काढून माझ्या हातात दिला. "चूक आहे का बघ."

एकही चूक नव्हती.

तो अर्जही त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर परत आला. अक्का म्हणाल्या, "शब्द वाया गेला," आणि वर जाऊन चार यंत्रं विकून टाकली. भंगाराच्या भावात नव्हे, मदुरैच्या एका माणसानं शोभेसाठी नेली, कॉफीच्या दुकानात मांडायला. अधिकाऱ्याला परत बोलावलं. "दोन उरलीत. आता गरीब दिसते की?"

तांदळाचं कार्ड आलं. मग दाखला आला. मग विम्याचं कार्ड आलं. मी दिवस मोजले नाहीत. पायानं मोजले. कार्ड आलं तेव्हा अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी होती.

हॉस्पिटलात मामांना भरती केलं त्या सकाळी नर्स पोरगी उगीच गंमत म्हणून अक्कांनाही म्हणाली, "या अम्मा, तुमचीही साखर बघते." बोट टोचलं. तिचा चेहरा बदलला. यंत्राला मोजता येईना इतकी होती. मी अक्कांवर ओरडलेच, मास्तरीणबाईंवर, सगळ्यांसमोर. गोळ्या घेत नव्हतात का?

"कशास ओरडतेस? एका दिवसात एकच रांग होते. पट्टीची रांग वेगळी, गोळ्यांची वेगळी. याची पट्टी रोज होती."

"किती दिवस?"

"तू रांग लावली आहेस कधी?" त्या म्हणाल्या.

मी रक्तवाहिनी उघडण्याची मंजुरी मागितली. फोटो, रिपोर्ट, सगळं चढवलं. वरून एक शंका आली, उत्तर दिलं. दुसरी शंका आली, उत्तर दिलं. मग निर्णय आला. जखम फार पुढं गेलेली आहे, शीर उघडून उपयोग होणार नाही, पाय काढण्यासाठी नवा प्रस्ताव पाठवावा. आमच्या सर्जननंही मान हलवली. तेव्हा ते खरंच होतं. चार महिन्यांपूर्वी खरं नव्हतं.

नवा प्रस्ताव मी भरला. माझा वेग चांगला आहे, कुणी शिकवला ते तुम्हाला माहीत आहे. दुपारचा चहावाला येण्याआधी मंजुरी आली.

हे मला लिहायचं होतं. आमच्या संगणकात यादी आहे. बोट काढणं, पाऊल काढणं, गुडघ्याखाली, गुडघ्यावर. प्रत्येकाला वेगळा रकाना, वेगळा आकडा, ठरलेली रक्कम. पाय राखायला रकाना नाही. रोजची पट्टी, रोजची गोळी, इन्सुलिनची सुई, बसचं भाडं, बुडालेला दिवस, पायाकडे बघून 'चटका लागतो का' विचारणारं एक माणूस, या कशालाच रकाना नाही. दर काही वर्षांनी सुधारणा होते. कार्डाचा रंग बदलतो, रक्कम वाढते, फलकावरचं कुटुंब जास्त हसतं. यादीत कापायच्या गोष्टी वाढतात. कापण्याला पैसे आहेत, कारण कापणं एका दिवसात होतं, मोजता येतं, फोटो काढता येतो. माणूस तीस वर्षं आजारी असतो. त्या तीस वर्षांचा फोटो कसा काढणार? म्हणून ती तीस वर्षं घरानं भरायची. आधी दागिना, मग यंत्रं, मग एकाची गोळी दुसऱ्याला. आणि शेवटी सगळं संपून तुम्ही पुरेसे गरीब झालात की सरकार येतं, हातात करवत घेऊन, फुकट.

अक्कांवरही माझा राग आहे. तो मी लपवणार नाही. त्या कार्डाचा, त्या पागेदारकीचा. पण मी विचार करते, गरीब असल्याचं सिद्ध करून मगच पायावर औषध, हा नियम त्यांनी केलेला नव्हता. ताठ माणसाला वाकवून त्याच्याकडून 'मी गरीब आहे' वदवून घेतल्याशिवाय जी योजना पट्टी बांधत नाही, ती त्या माणसाच्या अहंकाराला नावं कशी ठेवते?

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मामांच्या डिस्चार्जच्या दिवशी. पुढं पोटमाळा सोडून दोघं इन्नंबूरला गेली. मी जाईन म्हणत राहिले. जाणं झालं नाही.

डिस्चार्ज देताना लाभार्थ्याचा फोटो काढून वर पाठवावा लागतो. त्याशिवाय हॉस्पिटलचं बिल मंजूर होत नाही. रोग्यानं कार्ड छातीशी धरायचं, मागं योजनेचा फलक दिसला पाहिजे. फोटो माझ्या टॅबवर मी काढते. आमचा सेल्वम, तो या टेबलाचा मुख्य, शेजारी उभा राहून घाई करतो.

मामा चाकाच्या खुर्चीत होते. वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, नीट नेसवलेली, उजवीकडे गुडघ्याखाली ती सपाट पडलेली. त्यांनी खिशातून कंगवा काढून भांग पाडला. फोटो म्हटलं की माणूस भांग पाडतोच.

"थोडं हसा मामा," सेल्वम तमिळमध्ये म्हणाला.

मामा हसायला लागले. अक्का म्हणाल्या, "हसू नकोस बाबू."

"वर जातो हो अम्मा फोटो. रिपोर्टात लावतात. हसरा बरा दिसतो."

"वर कोण बघतं?"

"मोठे अधिकारी बघतात."

"चेहरा बघून त्यांस काय कळणार?" अक्का माझ्याकडे वळल्या. मराठीत म्हणाल्या, "पाय घे."

मी सेल्वमकडे पाहिलं. तो घड्याळ बघत होता. अक्कांनी वाकून मामांची वेष्टी गुडघ्यापर्यंत वर केली. पांढऱ्या पट्टीतला तो आखूड पाय. मी टॅब खाली नेला आणि फोटो काढला. पडद्यावर तांबडी खूण आली. मी पुन्हा काढला. पुन्हा तांबडी.

"काय म्हणतंय?"

"चेहरा सापडत नाही म्हणतंय अक्का. चेहरा असल्याशिवाय घेत नाही."

"चेहरा लागतो की?" त्या म्हणाल्या. "बेस."

आणि त्या खाली बसल्या. हॉस्पिटलच्या फरशीवर, खुर्चीचं चाक धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा. मामा म्हणाले, "अक्का, असं काय करतेस, लोक बघतायत." त्यांनी ऐकलं नाही. कार्ड मामांच्या हातून घेतलं, एका हातानं स्वतःच्या छातीशी धरलं. दुसरा हात त्या पट्टीखाली घातला आणि तिच्याशेजारी, अगदी गालाला लागेल इतक्या जवळ, आपलं तोंड आणलं. चमकी दिसत होती. डोळे सरळ माझ्याकडे.

"घे आता."

मी घेतला. हिरवी खूण आली.

सेल्वमनं तो फोटो तसाच वर जाऊ दिला. तोही कुणाचा तरी मुलगा आहे. त्याच्या घरीही आईला साखर आहे, हे मला नंतर कळलं.

अक्का उठायला लागल्या तेव्हा मी हात दिला. त्यांनी घेतला नाही, चाक धरूनच उठल्या. साडीच्या निऱ्या झटकल्या. मामांची वेष्टी खाली ओढून सारखी केली.

"गेला की वर?"

"गेला."

"कुणी विचारलं, ही बाई कोण, तर माझं नाव सांग. पत्ताही दे. सांग म्हणावं, बोलायला तयार आहे."

मग त्यांनी खुर्ची ढकलत दाराकडे नेली. उंबऱ्याशी चाक अडलं. रखवालदार पुढं आला, पण तोवर त्यांनी खुर्ची मागं घेऊन, नेट लावून, पलीकडे नेलीही होती.

त्यांचं नाव आणि इन्नंबूरचा पत्ता मी एका कागदावर टाइप करून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.